शर्यतीचा रस्ता आणि शिफ्टची सायकल

मुळशीत जाऊन 'पुणे ग्रँड टूर' बघून आलो, असं स्टेटसला टाकल्यापासून मला दोन प्रकारचे मेसेज येताहेत. एक गट म्हणतो, "अभिमानाची गोष्ट! आपल्या पुण्यात आंतरराष्ट्रीय शर्यत!" दुसरा गट म्हणतो, "पाहुणे येणार म्हटल्यावरच खड्डे बुजतात का? आणि पत्रकार टाळ्या वाजवायला जातात." प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी शर्यतीबद्दल, कारण पुष्कळांना ती नुसती सायकल रॅली वाटली. १९ ते २३ जानेवारी २०२६ असे पाच दिवस ती चालली. पहिल्या दिवशी पुणे शहरात साडेसात किलोमीटरचा प्रोलोग, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायची छोटी धाव. त्यानंतर रोज एक, असे चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना, १९०० साली स्थापन झालेली, मुख्यालय स्वित्झर्लंडला. तिच्या वर्गवारीत ही '२.२' दर्जाची शर्यत. पहिला दोन म्हणजे अनेक दिवसांची, दुसरा दोन म्हणजे श्रेणी. 'टूर द फ्रान्स' त्याच शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आहे, आपली खालच्या एका पायरीवर. पण शिडी तीच. इथे मिळवलेले गुण जागतिक क्रमवारीत धरले जातात. दीडशेहून जास्त सायकलपटू आले होते. जिंकला न्यूझीलंडचा ल्यूक मुडग्वे. शुभंकर म्हणून आपलं शेकरू होतं, ते पोरांना फार आवडलं. एवढं पुरे.

आता आम्ही. २० तारखेला मंगळवार होता, माझी सुट्टी. त्या दिवशीचा टप्पा मुळशी-मावळचा, हिंजवडीतून निघणारा. कासारवाडीहून सायकलवरच जायचं मी ठरवलं होतं, कारण रस्ते बंद होणार होते आणि गाडी कुठेतरी लांब लावून चालत जाण्यात अर्थ नव्हता. आदल्या संध्याकाळी गल्लीत हवा भरत होतो, तर समोरचे काका म्हणाले, "किती वाजता निघायचं?" मी म्हटलं, "काका, चाळीस किलोमीटर आहे. चढ आहेत." काका म्हणाले, "मी विचारलं किती वाजता."

काका ६८ वर्षांचे आहेत. खेड तालुक्यातून १९७८ साली इकडे आले, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मोजून चौतीस वर्षं तिन्ही पाळ्यांना सायकलवर गेले. त्यांच्याकडे अजून तीच अ‍ॅटलास आहे, बावीस इंची, काळी, रॉड ब्रेकची, मागे कॅरिअर. (अ‍ॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. आमच्या धंद्यात अशी बातमी कुणी बनवून आणली तर उपसंपादक विश्वास ठेवणार नाही.) माझी सायकल लॉकडाऊनमध्ये सेकंडहँड घेतलेली, एकवीस गिअरची. त्यातले चार-पाच चालतात.

पहाटे सहाला निघालो. वाकडचा पूल, हिंजवडी, मग माण. आयटी पार्कच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की रस्ता एकदम मुळशीचा होतो. भाताची रिकामी खाचरं, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, धुक्यात बुडालेले डोंगर आणि चढ सुरू. मोटारीतून जाताना जो चढ जाणवतसुद्धा नाही, तो सायकलवर गुडघ्यांना कळतो. गिअर टाकत टाकत मी वर जात होतो आणि काका मागे उतरून सायकल ढकलत येत होते. लाज वगैरे काही नाही. वर पोचले की टांग टाकायची आणि उतारावर माझ्यापुढे निघून जायचं. त्या सायकलचं वजन उताराला उपयोगी पडतं म्हणाले.

एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली, पण बराच वेळ कुणी बोललं नाही. रस्ता. कडेपासून कडेपर्यंत नवं डांबर, पांढऱ्या रेषा, कडेची माती काढलेली, चेंबरची झाकणं डांबराच्या पातळीत. हातात काही जाणवत नव्हतं. जी माणसं रोज सायकल चालवतात त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. आपल्याकडे सायकल चालवणं म्हणजे दोन्ही मनगटांनी रस्ता वाचणं असतं. इथे वाचायला काही नव्हतं. पौडच्या अलीकडे काका थांबले, सायकल स्टँडला लावली, खाली वाकले आणि रस्त्यावर तळहात फिरवला. लेथवर काढलेल्या जॉबचं फिनिश बघतात तसा. म्हणाले, "चांगलं केलंय." आणि परत सायकलवर बसले.

पौडवरून पुढे कोळवणच्या अलीकडे एका चढाच्या तोंडाशी जागा धरली. सायकलची शर्यत बघायची तर चढावर उभं राहावं, हे जगभरच्या प्रेक्षकांचं साधं शहाणपण आहे. सपाट रस्त्यावर ते पन्नासच्या वेगाने निघून जातात आणि तुम्हाला फक्त रंग दिसतात. चढावर वेग उतरतो, घोळका ताणला जातो, चेहरे दिसतात. फ्रान्समध्ये आल्प द्यूएझ नावाचा चढ आहे, एकवीस वळणांचा. तिथे लोक आधीपासून तंबू ठोकून मुक्काम करतात. तिकीट नाही, स्टेडियम नाही, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो उभा. आणि ही गंमत आमच्या पेशातल्यांना माहीत असावी: ती टूर १९०३ साली 'लोटो' नावाच्या एका वर्तमानपत्राने खप वाढवायला सुरू केली. खप वाढला. आमच्याकडे खप वाढवायला प्लास्टिकच्या बादल्या देतात.

गावातली शाळा रस्त्यावर आली होती. पोरांच्या हातात तिरंगे, बायका डोक्यावर पदर घेऊन कठड्यावर बसलेल्या, दर वळणावर पोलीस. एक आजी आमच्या शेजारी येऊन बसल्या. काकांची सायकल बघून त्यांना वाटलं आम्ही शर्यतीतलेच आहोत आणि मागे पडलोय. काका म्हणाले, "नाही बाई, आमची शर्यत संपली." मग आजींनी मला विचारलं, "तुम्ही पेपरवाले ना? मग एवढं लिहा. शाळेसमोरचे दोन गतिरोधक काढलेत. रस्ता असा गुळगुळीत झालाय, परवापासून डंपर कसे जातील? पोरं तिथूनच पलीकडे जातात." लिहितो म्हणालो. हे ते लिहिलं. शर्यतीसाठी गतिरोधक काढणं समजू शकतं, जोरात आलेला घोळका त्यावर आदळला तर हाडं मोडतील. पण काढायची तारीख ज्यांनी ठरवली त्यांनी परत बसवायचीही ठरवली असणार. ती शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवायला काय हरकत होती?

मग ते आले. आधी पोलिसांच्या मोटारसायकली, मग पंचांच्या गाड्या, मग पुढे सुटलेले काही जण, जिभा बाहेर. आणि मग मुख्य घोळका. याला पेलोटन म्हणतात, पण मला तो शब्द तितका भावत नाही, घोळकाच बरा. त्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. टीव्हीवर तो येत नाही. शंभरावर साखळ्यांची एकत्र घरघर, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखी, आणि त्यांच्याबरोबर आलेला वाऱ्याचा झोत. आजींचा पदर उडाला. पोरं ओरडली. वीस-बावीस सेकंदं असतील. त्यामागून टपावर सायकली लावलेल्या संघांच्या गाड्यांची रांग, अ‍ॅम्ब्युलन्स, आणि संपलं.

चाळीस किलोमीटर आलो, वीस सेकंदांसाठी. मला वाटलं काका काही बोलतील. काका भलतंच बोलले. म्हणाले, "आम्ही असंच जायचो की."

कसं, विचारलं. तर म्हणाले, पहिल्या पाळीला पहाटे निघायचं, समोरून वारा असला की चार-पाच जण ओळीत लागायचे. पुढच्याने वारा खायचा, बाकीच्यांनी त्याच्या चाकामागे राहायचं. तो दमला की बाजूला होऊन मागे यायचा, दुसरा पुढे. "कुणी शिकवलं नव्हतं. सहाच्या आत पंच केलं नाही तर अर्धा दिवस कापायचे, मग आपोआप शिकतो माणूस. फरक एवढाच, आमच्या मागे डबा असायचा."

मी नंतर घरी येऊन वाचलं. दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की साधारण तीस टक्के ताकद वाचते, घोळक्याच्या मध्यभागी त्याहून जास्त. सायकल शर्यतीचं सगळं डावपेचशास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. संघ का असतात, नेत्यासाठी इतर जण दिवसभर वारा का खातात, एकटा पुढे पळालेला शेवटी बहुतेक वेळा का पकडला जातो, सगळ्याचं उत्तर वारा. आणि हे आमच्या पट्ट्यातल्या कामगारांना पन्नास वर्षांपूर्वी माहीत होतं.

नव्या लोकांसाठी थोडं कासारवाडीबद्दल. आज तुम्ही मेट्रोतून खाली बघता तो जुना पुणे-मुंबई हायवे म्हणजे या पट्ट्याचा कणा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ला आली, मग १९६२ ला एमआयडीसी, आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, आमच्या कासारवाडीत फोर्ब्स मार्शल, अल्फा लावल. महापालिका झाली १९८२ ला. त्या आधीपासून इथे कारखान्याचा भोंगा होता आणि भोंग्याबरोबर सायकली. मी लहान असताना दुपारी साडेतीनच्या सुमारास हायवे ओलांडता यायचा नाही, तो ट्रकमुळे नव्हे, सायकलींमुळे. गेटाशेजारी सायकल स्टँड असायचा, टोकन मिळायचं, पितळी बिल्ला. काकांकडे एक अजून आहे, शेवटच्या दिवशी परत द्यायचा राहून गेला म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, मुद्दाम ठेवला असणार.

आणि याच रस्त्यावरून मुंबई-पुणे सायकल शर्यत यायची. आपल्याकडे घाटातली शर्यत ही काही २०२६ ची नवलाई नाही. मुंबईहून निघायचं, बोर घाट चढायचा, घाटमाथ्यावर जो पहिला येईल तो 'घाटाचा राजा', आणि मग लोणावळा, तळेगाव, चिंचवड करत पुण्यात. नाशिक फाट्याला लोक दुतर्फा उभे असायचे. वडिलांनी मला खांद्यावर बसवून दाखवलेलं आठवतं. शर्यतीतले सायकलपटू आणि बघणारे कामगार यांच्यात फार अंतर नव्हतं. दोघांची सायकल साधारण एका जातीची, फक्त एकाची हलकी. बघणाऱ्याला कळत होतं की बोर घाट म्हणजे काय, कारण त्याला रोजचा पूल चढताना दम लागत होता.

मग स्कूटर आली. चेतक १९७२ ला आली, पण मिळायला पुढे कित्येक वर्षं लागायची, नंबर लावून लोक बसायचे. नव्वदच्या दशकात मोटारसायकल हप्त्यावर मिळू लागली आणि सायकल मागे पडली. यात वाईट काही नाही. ज्याने तीस वर्षं पाऊस खाल्ला त्याला गाडी घ्यावीशी वाटणारच, आणि त्या गाड्या बनवूनच आमच्या पट्ट्याने पोट भरलं. या शर्यतीच्या नावात पुढे 'बजाज' होतं, ते वाचून काका हसले. "त्यांनीच आमच्या खालची सायकल काढली, आता तेच शर्यत भरवतायत." कडवटपणे नव्हे हो, मजेत म्हणाले. त्यांचा मुलगा चाकणला एका दुचाकीच्या कारखान्यातच आहे.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या गटाला: अभिमान वाटायला हवाच, मलाही वाटला. दुसऱ्या गटाला: हा पैशाचा चुराडा होता असं मला वाटत नाही. डांबर शर्यतीनंतर गुंडाळून नेलेलं नाही, ते तिथेच आहे. माझं म्हणणं तिसरंच आहे.

आपल्याकडे रस्ता चांगला आहे की वाईट हे ठरवतो कोण? जो पाहणीला येतो तो. तो येतो मोठ्या चारचाकीतून, ज्यात दोन इंचाचा खड्डा कळतसुद्धा नाही. त्यामुळे दोन इंचाचा खड्डा हा खड्डा नसतो, चेंबरचं झाकण चार बोटं वर असलं तर ती तक्रार नसते. या शर्यतीत पहिल्यांदा उलट झालं. रस्ता तपासला गेला तो पंचवीस-तीस मिलिमीटर रुंदीच्या टायरच्या हिशेबाने. बाहेरची संघटना, तिचे नियम, तिचे पाहणीला येणारे लोक. त्यांच्यापुढे 'चालतंय की' हे उत्तर चालत नाही. आणि काही महिन्यांत काम झालं. म्हणजे पैसा होता, यंत्रं होती, ठेकेदार तेच होते, खडी-डांबर तेच. बदलली ती फक्त मोजपट्टी.

आणि ती मोजपट्टी चुकली की काय होतं तेही त्याच मंगळवारी दिसलं. आम्ही होतो तिथे नाही, पण त्याच कोळवण परिसरात अरुंद रस्त्यावर घोळक्यात पडापडी झाली. एकावर एक डझनावारी सायकलपटू आदळले आणि शर्यत काही वेळ थांबवावी लागली. जगातले तरबेज लोक, डोक्यावर हेल्मेट, पुढे-मागे अ‍ॅम्ब्युलन्स, समोरून एकही वाहन नाही. तरी रस्ता अरुंद पडला. मग नाशिक फाट्याहून भोसरीकडे रात्री अकराला, एका बाजूला कंटेनर आणि दुसऱ्या बाजूला पार्क केलेले ट्रेलर यांच्यामधून जो माणूस सायकलवर जातो, त्याला किती रुंदी पुरते?

तो माणूस आहे, हे आधी मान्य करायला हवं. आपल्या डोक्यात आता सायकलवाले म्हणजे रविवारी सकाळी लव्हासा किंवा सिंहगडला जाणारे, हेल्मेट-चष्मा घातलेले. त्यांच्याबद्दल मला काही तक्रार नाही, माझी त्यातल्या बऱ्याच जणांशी ओळख आहे, चांगली माणसं आहेत. पण पहाटे साडेपाचला नाशिक फाट्याखाली उभं राहा. कंत्राटी कामगार, सोसायट्यांचे सुरक्षारक्षक, साफसफाईला जाणाऱ्या बायका, गॅरेजमधली पोरं. फुगेवाडी, दापोडी, भोसरीतून येतात. सायकलला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कॅरिअरला पिशवी. त्यांच्यातल्या कुणाला तुम्ही 'सायकलिस्ट' म्हणालात तर ते मागे वळून बघणार नाहीत. रविवारचे आणि रोजचे, हे दोघे एकाच रस्त्यावर असतात आणि एकमेकांकडे बघून हातही करत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात असाच एक रक्षक रात्रपाळीहून येताना गेला. पाण्याखाली झालेली गटाराची जाळी, पुढचं चाक आत, आणि मागून ट्रेलर. मी पोचलो तेव्हा सायकल अजून जाळीत उभीच होती, म्हणजे चाक इतकं घट्ट बसलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या पानावर सहा ओळी आल्या. मी वीस पाठवल्या होत्या. शर्यतीला पाच दिवस रोज अर्धं पान होतं, त्यातलं बरंचसं मीच लिहिलं. ही तक्रार नाही, असंच चालतं. पण त्या वीस ओळींमधल्या चौदा मी आत्ता इथे लिहून टाकतो.

जाळी कशी असते ते नीट बघा. लोखंडी पट्ट्यांची चौकट असते. पट्ट्या रस्त्याच्या दिशेला समांतर बसवल्या तर दोन पट्ट्यांच्या फटीत सायकलचं चाक बरोबर जातं. तीच चौकट काटकोनात फिरवून बसवली, म्हणजे पट्ट्या आडव्या आल्या, तर चाक वरून निघून जातं. पाणी दोन्हींमधून सारखंच वाहतं. खर्च शून्य, फक्त फिरवायची आहे. ज्या जाळ्या चौकोनी नाहीत, लांबट आहेत, त्यांच्यावर दोन आडव्या सळ्या वेल्ड केल्या की झालं. जाळी बसवणाऱ्याने सायकल चालवलेली नसते, म्हणून त्याला दोन्ही सारख्याच वाटतात. मी एका कार्यालयात हे कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. साहेबांनी चित्राचं कौतुक केलं.

मुळशीत कोळवणपर्यंत मला एकही उभ्या पट्ट्यांची जाळी दिसली नाही. दिसली असती तर शर्यतच झाली नसती. म्हणजे कुणीतरी एकेक बघत गेलंय. काम करणाऱ्या माणसांना ते जमतं, हे सिद्ध झालंय. माझ्या दृष्टीने शर्यतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की आता "शक्य नाही" असं म्हणता येत नाही.

सायकल ट्रॅकबद्दल विचाराल म्हणून सांगतो. ते आहेत. काही ठिकाणी लाल रंगाचे, काही ठिकाणी पेव्हर ब्लॉकचे. त्यांच्यावर गाड्या लावायला चांगली सोय होते, नारळपाण्याचा स्टॉल उत्तम बसतो. पुण्यात २०१७ साली सायकल आराखडा झाला, त्याच सुमाराला भाड्याच्या सायकलीही आल्या, रंगीबेरंगी, मोबाइलवर उघडणाऱ्या. आमच्याकडेही आल्या होत्या. दोन-तीन वर्षांत कुठे गेल्या ते त्यांनाच माहीत. मला ट्रॅकपेक्षा कडेचं डांबर, जाळी आणि दिवा या तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण कामाला जाणारा माणूस ट्रॅकवर जात नाही, सरळ रस्त्याने जातो.

आणि वेळ बरी आहे. मार्च २०२२ पासून आपल्या महापालिकेत लोकांनी निवडून दिलेलं कुणी नव्हतं, प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं कुणाच्या घरी जाऊन भांडायचं हाच प्रश्न होता. १५ जानेवारीला मतदान झालं, १६ ला निकाल, आणि १९ ला शर्यत. गुलाल अजून रस्त्यावर होता तेव्हा ते विदेशी सायकलपटू पुण्यात सराव करत होते. आता भांडायला दार आहे.

मी आमच्या प्रभागातल्या नव्या नगरसेवकांना तीन गोष्टी लेखी दिल्या आहेत. एक, कासारवाडी स्टेशन ते नाशिक फाटा आणि तिथून भोसरीच्या दिशेने जाणारा रस्ता, एवढ्या पट्ट्यातल्या सगळ्या जाळ्या पावसाळ्याआधी फिरवा किंवा वेल्ड करा. दोन, उड्डाणपुलाखालचे आणि सर्व्हिस रोडचे दिवे रात्री दहा ते पहाटे सहा चालू आहेत की नाही हे पाळी सुटायच्या वेळेला येऊन बघा, सकाळी अकराला नव्हे. तीन, मेट्रो आणि रेल्वे स्टेशनला सायकल लावायला कुलूप घालता येईल असा साधा लोखंडी बार द्या, शेड नको, उद्घाटन नको.

एका नगरसेवकांचा परवा फोन आला. चांगलं बोलले. म्हणाले, "पत्रकार साहेब, जाळ्या किती आणि कुठे याची यादी द्या, मी पहिल्याच बैठकीत मांडतो." त्यांना यादी हवी आहे, तर यादी देऊ. काकांनी खडू आणि मोजपट्टी काढून ठेवली आहे. जिथे जाळी उभी आहे तिथे खडूने फुली, फोटो, जवळच्या खांबाचा नंबर.

येत्या रविवारी सकाळी सातला कासारवाडी स्टेशनसमोर भेटतोय. अंतर फार नाही, पण सर्व्हिस रोडच्या दोन्ही बाजू धरल्या तर तीन तास जातील. रविवारी सिंहगडला जाणारे मित्र, या वेळी इकडे या. आणि रात्रपाळीवरून सुटणारे कुणी वाचत असतील तर घरी जाता जाता दहा मिनिटं थांबा, कुठे चाक अडकतं ते तुम्हालाच जास्त माहीत आहे. सायकल कोणतीही चालेल. पंक्चर झालं तर काकांकडे सोल्युशन आहे.